आधी पाय बघा, हात नंतर

परवा एका मैत्रिणीने मी काढलेले ॲक्शन फिगरचे, म्हणजे सांधे वाकवता येणाऱ्या खेळण्यातल्या माणसांचे, फोटो बघून विचारलं, अगं तू अजून बाहुल्यांशी खेळतेस? प्रेमाने विचारलं तिने, मला राग नाही आला, पण मेसेजमध्ये उत्तर मावेना म्हणून इथे लिहितेय.

खरं तर 'ॲक्शन फिगर' हा शब्दच या प्रश्नापायी जन्माला आलाय. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने जी.आय. जो नावाचा साधारण १२ इंची सैनिक काढला, कपडे बदलता येणारा, २१ हलणारे भाग असलेला, म्हणजे सरळसरळ बाहुलीच की, पण मुलग्यांसाठी बाहुली कोण विकत घेणार म्हणून तिला बाहुली म्हणायचंच नाही असं ठरलं आणि हा नवा शब्द काढला. मला बाहुली म्हणायला काहीच अडचण नाही. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात, तिथे कुणी त्यांना हा पोरखेळ आहे असं म्हणतं का?

माझी पहिली फिगर भाच्याची. तो कॉलेजला गेला आणि त्याची खोकी आमच्या माळ्यावर आली. त्यातला एक सहा इंची निन्जा मी सहज टेबलावर उभा केला, तलवार वर, हात ताणलेला, एकदम जोशात, आणि तरी तो मेल्यासारखा दिसत होता. दोन दिवस मला कळेना काय चुकतंय. मग शाळेतली कबड्डी आठवली. आमचे सर कायम ओरडायचे, टाच उचल, टाच उचल, वजन पुढच्या पायावर घे! मी त्याची मागची टाच उचलली, पुढचा गुडघा वाकवला, कंबर थोडी फिरवली, हातांना बोटही लावलं नाही. आणि तो निघाला! अंगावर काटा आला माझ्या, खरंच सांगते.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की पोझ पायांपासून लागते. नवीन लोक आधी हात लावतात, मुठी, हत्यारं, मग डोकं, आणि पाय तसेच राहतात, दोन्ही तळवे सपाट, दोन्ही गुडघे सरळ. तसं समचरण उभं राहणं विठोबाला शोभतं, तो युगानुयुगं थांबलाय. मुरलीधर बघा, एका पायावर भार, कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, मान तिसरीकडे. त्रिभंग. देवळात शंभरदा बघितलेली मूर्ती, पण त्या उभं राहण्यामागचं वजनाचं गणित मला या सहा इंची प्लास्टिकने दाखवलं. आता मी बसस्टॉपवर सुद्धा लोकांचे पाय बघते, कोण कुठल्या पायावर रेललंय, पिशवी धरलेला खांदा किती खाली गेलाय.

उड्या मारणाऱ्या, हवेतल्या लाथांच्या पोझपेक्षा नुसतं बसलेलं माणूस जमवणं जास्त कठीण आहे हेही सांगून ठेवते. बसल्यावर पाठ किंचित गोल होते, पण बऱ्याच फिगरना पोटात तेवढा वाकच नसतो, मग पुढे झुकवून कोपर मांडीवर टेकवायचं, मान खाली, की दमलेला दिसतो.

फोटोचं म्हणाल तर माझ्याकडे मोबाईलच आहे. तो उलटा धरायचा म्हणजे लेन्स खाली येते आणि आपण फिगरच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, वरून काढला की लगेच खेळणं दिसतं. फार जवळ जाऊ नका, नाक फोकसमध्ये आणि खांदा धूसर होतो, थोडं मागे सरकून झूम करा. टेबललॅम्पपुढे बटर पेपर लावला की उजेड मऊ पडतो. वाळवंटासाठी रांगोळी, धुक्यासाठी उदबत्ती. आणि पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ! सहा इंची फिगर म्हणजे माणसाचा बारावा हिस्सा, त्यामुळे एक सेंटीमीटरचं शेवाळ त्याला घोट्याभर गवत होतं. कोकणातला जांभा दगड मिळाला तर सोडू नका, त्याच्या भोकांच्या गुहा होतात. खरा पाऊस मात्र चालत नाही, चार मिलीमीटरचा थेंब त्या मापात लिंबाएवढा दिसतो.

आता जे लोक खोकं न उघडता काचेच्या कपाटात ठेवतात त्यांच्याबद्दल. तुमचे पैसे, तुमची वस्तू, मान्य. महाग आहेतच, २०२० मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ ला ७० वर, म्हणून जपावंसं वाटतं हेही समजतं. पण ज्याने तो घोटा आतबाहेर झुकेल असा घडवला, कोपराला दोन दोन सांधे दिले, त्याने ते कुणीतरी वाकवावं म्हणूनच दिले ना? खोक्यातून भाव वाढत असेल, सांधा मात्र कुणाला कळत नाही.

मोडतं, हो. गेल्या डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात एकाचं मनगट अडकलं होतं, मी जोर लावला आणि कट् असा आवाज आला, खिळी अर्धी आत, अर्धी माझ्या चिमटीत. तासभर तशीच बसून होते. तो तुकडा अजून हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत आहे. अडकलेला सांधा कधी पिळू नका, आधी गरम पाण्यात बुडवा नाहीतर हेअर ड्रायर फिरवा, प्लास्टिक मऊ पडतं आणि आपसूक फिरतं.

काल रविवारी त्यालाच खिडकीत बसवला होता, मोडलेला हात पाठीमागे टेकवून, एक पाय खाली सोडून. साडेपाचचं ऊन आलं, मी तीसेक फोटो काढले आणि एकही मनासारखा नाही. लोंबत्या पायाचं पाऊल सरळ राहिलं होतं, ते खाली झुकायला हवं होतं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. ऊन आहे अजून, जाऊन बघते.