१२०० कॅलरीत निंदण करून दाखवा

"भाकर सोडा, चरबी जाळा" असा एक मेसेज सध्या आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. भावकीच्या ग्रुपवर आला, बचत गटाच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होतो. मग तो मामीच्या फोनवर गेला. मामीला शुगर आहे, वजन थोडं जास्त आहे, आणि दिवस पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, निंदणाचे आहेत. फोन केला तर म्हणाली, "भाकर बंद केली नं बापा. कार्ब मंजे भाकरच नं? सकाळी दोन अंडे खाते अन् जाते वावरात. डोकं गरगरते थोडंसं, पण ते चरबी जळते म्हणून होते म्हणे."

मेसेज थोडक्यात असा. भाकरी, पोळी, भात, साखर, म्हणजे पिष्ट आणि साखरेचे "कार्ब", पूर्ण बंद. बाई असो की माणूस, दिवसाला १२०० कॅलरी. शेतातलं नि घरातलं काम व्यायामात धरायचं नाही, १०,००० पावलं वेगळी चालायची. घड्याळ किंवा ॲप जितक्या कॅलरी जाळल्या म्हणेल, तितकं जास्तीचं खायला मोकळीक. तूप, खोबरं, शेंगदाणे, पनीर, ॲव्होकाडो कितीही, कारण "फॅटनं फॅट वाढत नाही". पहिल्या हप्त्यात तीन-चार किलो चरबी जाते. आठ दिवसांत शुगरच्या गोळ्या सुटतात. शेवटी जोडलेले हात आणि "जनहितार्थ".

सगळ्यात मोठा आचरटपणा १२०० च्या आकड्यात आहे. आपल्या देशात कोणाला किती ऊर्जा लागते, हे सांगणारी सरकारी संस्था हैदराबादला आहे, राष्ट्रीय पोषण संस्था. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि या संस्थेनं २०२० मध्ये आकडे नव्यानं ठरवले. ५५ किलोच्या बाईला बैठं काम असेल तर दिवसाला १६६० कॅलरी, मध्यम कष्टाचं असेल तर २१३०, जड असेल तर २७२०. ६५ किलोच्या पुरुषाला हेच आकडे २११०, २७१० आणि ३४७०. आहे ते वजन टिकवायला एवढं लागतं.

निंदण मध्यम की जड, यावर हवा तर वाद घाला. सकाळी ओळीला लागायचं, उकिडवं बसून खुरपं चालवत सरकत राहायचं, पायाखाली चिखल, वर दमट ऊन, मधे डबा, मग परत ओळ. संध्याकाळी घरी आलं की स्वयंपाक, भांडी, गुरांचं वैरणपाणी. बरं, तुमच्यासाठी मध्यमच धरू. १२०० खाल्लं तर रोज ९३० ची तूट पडते. जड धरलं तर १५२० ची. वजन उतरवायला आहारतज्ज्ञ साधारण ५०० च्या आसपास तूट ठेवायला सांगतात. एसीत बसणाऱ्या, अंगानं लहान असलेल्या बाईला १२०० चा आकडा काही दिवस चालूनही जाईल. तोच आकडा दिवसभर निंदणाऱ्या बाईला देणं म्हणजे तिला उपाशी ठेवून कामाला लावणं आहे. त्यासाठी आहारशास्त्राची गरज नव्हती, गरिबीनं ते आधीच करून दाखवलं आहे.

आणि काम म्हणजे व्यायाम नाही, हे कोणी ठरवलं? रोजी मिळाली का जिमची फी भरली, हे स्नायूला कळत नाही. एक मात्र कबूल करतो. कापूस निघाला की मार्चपासून कितीतरी घरांत हातचं काम कमी होतं, वाही ट्रॅक्टर करतो, आणि ताटात मात्र निंदणाच्या दिवसांचंच जेवण राहतं. तेव्हा सकाळी उन्हाच्या आधी चालणं नक्की फायद्याचं. पण मेसेजमध्ये उन्हाळा-पावसाळा काही नाही. जुलैतही १०,००० पावलं वेगळीच.

हिशेबाची साधी रीत अशी आहे. मध्यम किंवा जड कामाचा आकडा घेतला तर कष्ट त्यात आलेच, वरून व्यायामाच्या कॅलरी मिळवल्या तर तेच काम दोनदा मोजलं जातं. बैठ्या कामाचा आकडा घेतला असेल तरच चालण्याचं वेगळं धरायचं. या महाशयांनी तिसराच मार्ग काढला. जे काम खरोखर होतं ते शून्य धरलं, आणि जे चालायला वेळच नाही त्याचं बक्षीस ठेवलं.

बक्षीसही घड्याळ ठरवणार. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये ६० जणांच्या मनगटावर सात प्रकारची घड्याळं बांधून तपासणी झाली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. शिवाय घड्याळ पुष्कळदा एकूण आकडा दाखवतं. ७० किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी चालला तर २४५ च्या आसपास कॅलरी दिसतील. त्यातल्या ७० नुसतं खाटेवर बसूनही खर्च झाल्या असत्या. उरल्या १७५, आणि मूठभर शेंगदाण्यांत त्या जवळपास परत येतात. मामीकडे घड्याळ नाहीच. तिचा फोन पिशवीत धुऱ्यावर पडलेला असतो. ॲपच्या लेखी मामी दिवसभर आराम करून राहिली!

आता तूप. वर १२०० ची मर्यादा, खाली "कितीही". लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचला असता. कार्ब किंवा प्रथिनांच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, स्निग्धाच्या एका ग्रॅममध्ये ९. एक मोठा चमचा तूप म्हणजे सव्वाशेच्या आसपास. दोन्ही अटी पाळायच्या तर दहा चमचे तुपात दिवस संपला.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं सांगतो. आपल्या जेवणात कार्बचा वाटा फारच मोठा आहे. तो कमी करून डाळ, अंडी, भाजी वाढवली तर पुष्कळांना भूक कमी लागते, आणि न मोजताही खाणं आपोआप उतरतं. स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, २०१८ चा, ६०९ माणसं वर्षभर पाहिली. अर्धे कमी कार्बवर, अर्धे कमी फॅटवर, कॅलरीचा आकडा कोणालाच दिला नव्हता. सरासरी वजन कमी कार्बवाल्यांचं ६ किलो उतरलं, कमी फॅटवाल्यांचं ५.३. हा फरक मोजण्यासारखा नव्हता. म्हणजे रस्ता एक नाही, आणि तुपाचा चमत्कारही नाही.

भाकरीला शिव्या देणाऱ्यांना एवढंच सांगतो की ज्वारीत नुसते कार्ब नसतात. दोन मोठ्या भाकरींच्या पिठात १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, मामीच्या दोन अंड्यांत १२-१३. अंड्यातलं प्रथिन दर्जानं सरस, मान्य. पण पनीर रोज कोणाच्या घरी येतं? दोनाची एक भाकर करा, वरण घट्ट करा, अंडी असतील तर ठेवा. ॲव्होकाडो आमच्या आठवडी बाजारात आला की कळवीन.

पहिल्या हप्त्यातले तीन-चार किलो? बहुतांश पाणी. शरीरात साठवलेल्या कार्बच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की तेही जातं, सोबत मीठही जातं. घाम गाळणाऱ्याला हा फायदा नाही, पायात गोळे आणि चक्कर.

राहिल्या गोळ्या. मामीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलेलं आहे, गावात कितीतरी जणांच्या असेल. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला की नाही ते पाहत नाही. भाकर बंद, गोळी चालू आणि वर निंदण, म्हणजे साखर एकदम खाली. मामीचं गरगरणं चरबी जळण्याचं आहे असं समजून बसणं धोक्याचं आहे. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर आणखी वेगळा धोका, कार्ब फारच तोडले तर रक्तात आम्ल साचतं आणि मशीनवर साखर बरी दिसते. कमी कार्बवर गोळ्या कमी होतात हे खरं आहे, पण डॉक्टरच्या हातून आणि तपासण्या करत. मेसेज वाचून मनानं गोळी सोडायची नाही, आणि डोस न विचारता भाकरही एकदम सोडायची नाही. गोळ्यांचं पाकीट घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, "भाकर कमी करते, डोस काय ठेवू?" असं विचारायचं. तोवर वावरात जाताना डब्याशेजारी साखरेची पुडी ठेवायची. हाताला कंप, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की कार्ब-बिर्ब न पाहता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, सावलीत बसायचं, आणि पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत प्यायची आणि कोणाला तरी हाक मारायची.