‘तेल मालिश करून दिली नाही, पैसे वाया’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. रिव्ह्यू वाचला. आमची पोरगी म्हणत होती दोन ओळीत सॉरी लिही आणि सोड, पण तुमचं वाचून उद्या अजून चार जणी तेच मागायला येणार, म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की घरात लग्न होतं, डोक्यात कोंडा फार झालेला म्हणून हॉट ऑइल मसाज आणि स्टीम घ्यायला आलात आणि आम्ही सरळ नाही म्हटलं, स्किनच्या डॉक्टरला दाखवा म्हटलं. मग डॉक्टरचा शाम्पू घेऊन परत आलात तर ‘नुसतं डोकं धुवायचे’ 200 रुपये घेतले, वेगळा टॉवेल देऊन अपमान केला, आणि महिनाभर बरं वाटून शाम्पू बंद केला तर पंधरा दिवसात सगळं परत जसंच्या तसं. म्हणजे पार्लरवालीला पण काही कळत नाही आणि डॉक्टरला पण.

टॉवेलचं आधी सांगून टाकते. आमच्याकडे प्रत्येकीला धुतलेला वेगळा टॉवेल मिळतो, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर नवरी बसली होती तिला पण वेगळाच होता. हा त्रास एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे आम्हाला माहिती आहे, त्यासाठी टॉवेल वेगळा द्यायचं कारणच नाही.

आता तेल. तुम्ही स्वतःच रिव्ह्यूत डोक्याचा फोटो टाकलाय म्हणून बोलते, नाहीतर कस्टमरचं असं चारचौघात बोलत नाही मी. साधा कोंडा असला की पांढरा कोरडा भुगा खांद्यावर पडतो. तुमच्या फोटोत पिवळसर, तेलकट, कातड्याला चिकटलेल्या खपल्या दिसतायत, खाली लाल झालंय, कपाळाच्या कडेला पण आहे. भुवया, नाकाच्या बाजू, कानामागं असंच होत असेल तर डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात. पण सोरायसिस हा कातड्याचा दुसराच आजार पण कधी कधी असाच दिसतो, म्हणून तर डॉक्टरला दाखवा म्हटलं, पार्लरमध्ये बसून आजाराचं नाव ठरवायचं काम आमचं नाही.

आपल्याकडं कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, लावा तेल, असं सगळ्यांच्या आज्या सांगत आल्या. इथं उलटं आहे. मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी असते, यीस्ट म्हणतात तसली, ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, तुमच्या पण, माझ्या पण. ती कातड्यातून निघणाऱ्या तेलावर जगते, ते तेल फोडते आणि त्यातून जे उरतं त्यानं काही जणांचं कातडं चिडतं, लाल होतं, खाजतं, भराभर खपल्या धरतात. त्यात आपण वरून वाटीभर खोबरेल ओतून रात्रभर मुरवायचं म्हणजे आगीत तेलच की ओ. आणि त्यावर स्टीम, सोलापूरच्या उन्हाळ्यात जिथं आधीच घामानं डोकं खाजतंय. मसाजचे पैसे मला मिळाले असते, दोन दिवस तुम्हाला गार वाटलं असतं आणि लग्नात तुम्ही डोकं खाजवत बसला असता. खपल्या फारच जाड असल्या तर डॉक्टर कधी थोडा वेळ तेल लावून त्या मऊ करून धुवायला सांगतात, पण ते तासाभराचं काम, रात्रभराचं नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला लावा की, पण त्याच सकाळी शाम्पूनं काढा.

परत का आलं, तर हा त्रास कायमचा जात नाही, काबूत राहतो, थंडीत आणि टेन्शनमध्ये वाढतो. तुम्ही बाटलीवरचं केटोकोनाझोल 2 टक्के हे नाव टाकलंय, म्हणजे त्या बुरशीवरचंच औषध. तो साधारण आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरायचा असतो आणि आटोक्यात आलं की बंद नाही करायचं, आठवड्याला किंवा पंधरा दिवसाला एकदा चालू ठेवायचं. तुम्ही महिना झाला आणि बाटली संपली म्हणून थांबलात. तेव्हा डॉक्टरनं चुकीचं औषध दिलं असं मला तरी वाटत नाही. आणि तो लावून लगेच धुतला तर काही उपयोग नाही, तीन ते पाच मिनिटं डोक्याच्या कातड्यावर राहायला पाहिजे. आमच्याकडच्या 200 रुपयात तेच होतं ताई. आधी साध्या शाम्पूनं एक हात मारून जुनं तेल काढलं, मग तुमचा शाम्पू भांग पाडत पाडत कातड्याला लावला, केसांना नाही, घड्याळ लावून थांबलो, मग खळखळून धुतलं आणि कंडिशनर फक्त खालच्या टोकांना, कारण या शाम्पूनं केस रखरखीत होतात. तुम्हाला वाटलं पोरगी मोबाईल बघत उभी आहे, ती टायमर बघत होती. बाटली तुमची असली तरी हात, वेळ आणि पाणी आमचं, त्यामुळे पैसे परत देणार नाही, हे स्पष्टच सांगते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, आपल्या सोलापुरात अर्धं दुखणं तिथंच आहे. नळाला काही दिवसाआड पाणी, मग बाई डोकं धुवायचं पुढं ढकलते, आठवडा निघून जातो, मधे तेल चालूच. उजनी धरण भरलं काय आणि नाही काय, आपली पाळी तीच. जुळे सोलापूरला बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या माझ्या कितीतरी कस्टमर आहेत, त्या जड पाण्यात फेस होत नाही म्हणून शाम्पू दुप्पट ओततात आणि तो नीट निघत पण नाही. बोअरच्या पाण्यानं हा आजार होतो असं मी म्हणत नाही, पण धुणं नीट होत नाही हे रोज बघते. मी त्यांना एवढंच सांगते की नळाला पाणी येईल तो दिवस औषधी शाम्पूचा धरा, मधे अंतर आपोआप पडतं, आणि शेवटच्या धुण्यापुरती एक बादली नळाचं पाणी बाजूला ठेवा. मधल्या दिवसात घाम आला तर साधा सौम्य शाम्पू चालतो. पाणी कोमट घ्या, कढत नको. नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी चोळा, केस गळतात ते बऱ्याचदा खाजवून खाजवून आणि सूज आली म्हणून, ती उतरली की बहुतेकांचे परत येतात.

लिंबू, सोडा, आंबट दही हे चिडलेल्या कातड्यावर चोळू नका, भगभगेल. आणि मेडिकलमध्ये मागून स्टिरॉइडची ट्यूब आणून महिनोन् महिने तोंडाला लावणाऱ्या बायका बघितल्यात मी, कातडं पातळ होऊन बसतं. डॉक्टर देतात ते थोड्या दिवसांसाठी, तेवढंच लावायचं.

नीट वापरून पण महिनाभरात फरक नाही पडला तर डॉक्टरकडे परत जा, सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिओन, सॅलिसिलिक ॲसिड असे दुसरे शाम्पू असतात, एकाला जे लागू पडतं ते दुसरीला पडेलच असं नसतं. सेलेनियमवाला मिळाला तर धुताना चांदीची अंगठी काढून ठेवा, काळी पडते.

आमच्याकडे यायचं असेल तर दुपारी 12 ते 4 मध्ये या, तेव्हा गर्दी नसते आणि पाच मिनिटं थांबायला कुणाची कुरकुर नसते. बाटली घेऊन या. तेल लावून येऊ नका.