टाळूच्या शस्त्रक्रियेला थांबायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुभंगलेल्या ओठ-टाळूवर तान्हेपणीच शस्त्रक्रिया केल्याने वरचा जबडा खुंटतो, तुमच्या पुतणीचा चेहरा त्यामुळेच मध्यभागी बसका दिसतो, म्हणून वाढ पुरी होईपर्यंत थांबावं, असं तुम्ही लिहिलंत. जबड्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. थांबण्याचा सल्ला मात्र मला मुळीच पटत नाही.

श्रीलंकेत शस्त्रक्रियेविना मोठ्या झालेल्या, एका बाजूने ओठ-टाळू दुभंगलेल्या पुरुषांचा अभ्यास मार्स आणि ह्यूस्टन या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केला. या पुरुषांचा वरचा जबडा बऱ्यापैकी नीट वाढला होता. त्यांच्याशी तुलना केलेल्यांपैकी फक्त ओठ शिवलेल्यांचाही फारसा मागे नव्हता. मागे राहिला तो टाळूही शिवलेल्यांचा. म्हणजे ओठ आणि टाळू यांना एकाच मापाने मोजून चालणार नाही. टाळू शिवताना हाडावरचं आवरण सोडवून मध्ये सरकवतात. त्यामुळे दातांच्या कडेला उघडं पडलेलं हाड व्रणाने, म्हणजे जखम भरल्यावर उरणाऱ्या ताठर कातडीने भरतं, आणि तो व्रण मुलाबरोबर वाढत नाही. म्हणूनच वयाइतकंच महत्त्व हे आवरण किती सोडवलं आणि कोणत्या हातांनी, यालाही आहे.

थांबून पाहिलेलं आहे. जर्मनीत श्वेकेनडीक या शल्यविशारदांनी मऊ टाळू (घशाकडचा मागचा भाग) लवकर शिवून कडक टाळू (पुढचा हाडाचा भाग) बारा-पंधरा वर्षांपर्यंत उघडी ठेवली. चेहरे चांगले वाढले, पण बोलणं बिघडलं. मूल शब्द शिकतं तेव्हा हवा नाकातून निसटत असेल, तर ते घशातून चुकीचे आवाज काढायला शिकतं आणि ती सवय पुढे फार चिवट ठरते. फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांवरची एक मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचव्या वर्षी मऊ टाळू पुरेशी काम करत नसल्याचं प्रमाण सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांत ८.९ टक्के होतं, बाराव्या महिन्यात झालेल्यांत १५ टक्के. सहा महिन्यांनी एवढा फरक पडतो, मग चौदा-पंधरा वर्षं थांबण्याचं काय बोलावं! मागे राहिलेला जबडा वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेने पुढे आणता येतो. हरवलेली बोली तशी परत आणता येत नाही.

पुतणीचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. ती लहान असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टना (दात-जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या दंतवैद्यांना) आत्ताच दाखवा: जबडा पुढे ओढणाऱ्या फेसमास्कचा उपयोग वाढीच्या वयातच होतो, आणि हिरडीतल्या फटीत हाड भरायचं असेल तर ते सहसा सुळा येण्याआधी, आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान करतात. आणि ती बोलते कशी, तेही कळवा.