गोळी झाडायला सचिवाची सही लागते म्हणे!

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी एक लांबलचक मेसेज टाकला. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे या विषयावर त्यांनी काहीही पुढे ढकललं तरी घरात ते खरंच धरलं जातं. एरवी मी अशा मेसेजकडे कानाडोळा करतो. पण एनडीएच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या भाच्याने त्यातली दोन वाक्यं ‘मुद्दे’ म्हणून वहीत उतरवून घेतली, आणि मग मात्र मला गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा. संविधानाने देशाच्या संरक्षणाची जबाबदारी सेनाप्रमुखांवर नाही, तर संरक्षण सचिव नावाच्या एका आयएएस बाबूवर टाकली आहे. सीमेवर गोळी झाडायची तरी त्याची सही लागते. गलवानमध्ये ती सही वेळेत आली नाही म्हणून आपले जवान गेले. १९६२ च्या लढाईचा हुकूमही एका बाबूनेच काढला. सेनाप्रमुखांचा मान बाबूच्या खाली, सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांसाठी नेमलेला संरक्षणप्रमुख, तोसुद्धा त्याच्या हाताखाली. अमेरिकेत पेंटागॉन जनरल चालवतात, आपल्याकडे बाबू. म्हणून बाबूला हटवा आणि संरक्षण मंत्रालय जनरलच्या हाती द्या. खाली तिरंगा आणि ‘खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा’.

आधी संविधानाचं बघू. संविधानात संरक्षण सचिव कुठेच नाही. अनुच्छेद ५३ सांगतो की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. विषय तिथेच संपायला हवा होता. पण मेसेज लिहिणाऱ्याने हे अगदी हवेतून काढलेलं नाही, हे मान्य करावं लागतं. अनुच्छेद ७७ खाली १९६१ साली केंद्र सरकारच्या कामकाजाचे दोन नियमसंच निघाले. कुठलं काम कुठल्या खात्याकडे, हे एकात आहे आणि ते काम कसं चालवायचं, हे दुसऱ्यात. पहिल्यात संरक्षण विभागाच्या कामांच्या यादीतली पहिलीच नोंद आहे ‘भारताचं आणि त्याच्या प्रत्येक भागाचं संरक्षण’. तयारी, युद्धकाळात युद्ध चालवायला लागणाऱ्या गोष्टी, सगळं त्यातच येतं. या विभागाचा प्रशासकीय प्रमुख कोण? संरक्षण सचिव. इथवर मेसेजवाला बरोबर आहे.

पुढे त्याने ध चा मा केला. नोंद आहे विभागाच्या नावावर; त्याने ती सचिवाच्या नावावर चढवली. दुसऱ्या नियमसंचाचा तिसरा नियम उघडून बघा. विभागाकडे दिलेलं सगळं काम खात्याच्या मंत्र्याने, किंवा मंत्र्याच्या सर्वसाधारण वा विशेष निर्देशांनुसार, निकाली काढायचं आहे. अकरावा नियम सचिवाला प्रशासकीय प्रमुख म्हणतो आणि दोन गोष्टींसाठी जबाबदार धरतो: काम रीतसर चालणं आणि हे नियम पाळले जाणं. म्हणजे देश राखण्याची राजकीय जबाबदारी मंत्र्याची, आणि कागद सरळ चालतात की नाही हे बघण्याची सचिवाची. ही दोन-चार पानं ज्याने वाचली असती त्याला मेसेजचं पहिलं वाक्यच लिहिता आलं नसतं.

आता गलवान. या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण भाच्याच्या वहीत गेलेल्या दोन वाक्यांपैकी एक हेच होतं.

१५ जून २०२० च्या रात्री लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत १६ बिहार बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरसह आपले २० जण गेले. गोळी का झाडली नाही, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दोन-तीन दिवसांत जाहीर उत्तरही दिलं. सीमेवर तैनात जवानांकडे शस्त्रं असतात आणि त्या दिवशीही होती. पण समोरासमोर झटापट झाली तर ती वापरायची नाहीत, असा १९९६ आणि २००५ च्या करारांनुसार चालत आलेला प्रघात आहे. यातला पहिला करार २९ नोव्हेंबर १९९६ रोजी नवी दिल्लीत झाला. त्याचं सहावं कलम सांगतं की प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कुणीही गोळीबार करायचा नाही, सुरुंग उडवायचे नाहीत, बंदुकीने शिकारसुद्धा करायची नाही. हा करार दोन देशांच्या सरकारांनी केला. तो शहाणपणाचा होता की भाबडेपणाचा, यावर भांडायचं तर खुशाल भांडा, मीही येतो. पण तो राजकीय निर्णय होता आणि तेव्हापासून सत्तेवर आलेल्या प्रत्येक सरकारने तो चालू ठेवला. यात कुणा सचिवाच्या टेबलावर अडकलेली सही कुठून आली?

सहीची गोष्ट मुळातच कशी हास्यास्पद आहे ते बघा. लडाखमध्ये हुकूम येतो तो बटालियनकडून कंपनीला, ब्रिगेडकडून बटालियनला, वर डिव्हिजन, मग लेहची १४ कोअर, मग उधमपूरची नॉर्दर्न कमांड आणि तिच्या वर लष्करप्रमुख. या साखळीत संरक्षण मंत्रालयातला कुठलाही मुलकी अधिकारी बसत नाही. लष्करप्रमुखांच्या वर संरक्षणमंत्री आणि पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. लढायचं का, किती लढायचं, कुठली मर्यादा ओलांडायची नाही, हे तिथे ठरतं. संरक्षण सचिवाला या समितीत माहिती द्यायला बोलावतात, पण तो तिचा सदस्य नसतो. गोळीबाराचे नियम ठरलेले असतात, आणि त्या नियमांत राहून जागेवरचा कमांडर स्वतः निर्णय घेतो. गलवाननंतर असाधारण परिस्थितीत शस्त्र वापरायची मोकळीक जागेवरच्या कमांडरांना दिल्याच्या बातम्या आल्या, तीही सरकारकडून सैन्याला, सैन्याच्याच साखळीतून. पुढे ७ सप्टेंबरला पँगाँग सरोवराच्या दक्षिणेला गोळ्या सुटल्या तेव्हा कुणी फाइल फिरवल्याचं ऐकिवात नाही.

अगदी ताजं उदाहरण हवं असेल तर पहलगामनंतरचं घ्या. २९ एप्रिल २०२५ च्या बैठकीत पंतप्रधानांनी कारवाईची पद्धत, लक्ष्यं आणि वेळ ठरवायचं पूर्ण स्वातंत्र्य सेनादलांना दिलं. समोर संरक्षणमंत्री, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, सीडीएस आणि तिन्ही प्रमुख. आणि १० मे रोजी गोळीबार थांबवायचं बोलणं झालं ते दोन्ही देशांच्या डीजीएमओंमध्ये, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांमध्ये: आपला एक लेफ्टनंट जनरल, त्यांचा एक मेजर जनरल आणि एक हॉटलाइन.

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. मेसेजवाल्याला वाटतं आपण सैन्याची बाजू घेतोय. प्रत्यक्षात त्या रात्री पुढे होऊन झुंजलेल्या अधिकाऱ्याला तो दिल्लीच्या फाइलची वाट बघत ताटकळणारा माणूस ठरवतो. मामा, तुम्ही सेक्शन चालवलाय. समोरून मार येत असताना तुम्ही कुणाच्या सहीची वाट बघितली असती का?

१९६२ चा मुद्दा मात्र नुसता झटकून टाकता येत नाही. त्यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच तो इतका चालतो. सप्टेंबर १९६२ मध्ये चिन्यांनी नेफामधल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) ढोला चौकीला वेढा दिला. २२ तारखेला संरक्षण मंत्रालयात बैठक झाली. पंडित नेहरू लंडनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी धोका सांगितला: इकडे चिन्यांना हुसकायला गेलो तर ते लडाखमध्ये उलटतील. परराष्ट्र सचिवांनी सांगितलं की फार तर एखाद-दुसरी चौकी जाईल. थापर यांनी मग आदेश लेखी मागितला, आणि तो लेखी आदेश संयुक्त सचिव एच. सी. सरीन यांच्या सहीने निघाला: तयारी होताच चिन्यांना हाकला. महिनाभरात, २० ऑक्टोबरला, नामका चू नदीच्या काठावरची ७ ब्रिगेड चिन्यांनी उद्ध्वस्त केली, हे सगळ्यांना माहीत आहे.

तर सही बाबूची होती, हे खरं. पण निर्णय त्याचा होता का? सरकारचे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात आणि त्यांवर अधिकारी सही करतो, ती आदेश अधिकृत आहे एवढं दाखवायला. त्याचेही नियम होते, तेव्हा १९५८ चे. चिन्यांना हाकलायचं हे धोरण नेहरू आणि मेनन यांचं होतं आणि आदेशात स्वच्छ लिहिलंय की आधीच्या बैठकांत हेच ठरत आलंय. मला उलट बोचतं ते दुसरंच. मुलकी अधिकाऱ्याचं काम नुसती सही ठोकायचं नाही. सेनाप्रमुख धोका सांगतोय आणि दोन्ही मंत्री परदेशात आहेत, अशा वेळी ‘थांबा, हा प्रश्न पुन्हा मंत्रिमंडळापुढे नेऊ’ असं म्हणायचं काम त्या खोलीतल्या सचिवांचं होतं. ते त्यांनी केलं नाही. आणि थापर यांनीही कागद हातात आल्यावर तो मुकाट स्वीकारला. त्या दिवशी मुलकी अधिकारी फार बोलले असा मेसेजवाल्याचा समज आहे. माझी तक्रार ते पुरेसं बोलले नाहीत ही आहे.

त्यानंतर संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण आले आणि त्यांनी रोज सकाळी तिन्ही प्रमुख आणि सचिव एकाच टेबलाभोवती बसवायची शिस्त लावली. १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायचा निर्णय त्यांनी काही मिनिटांत तोंडी दिला, आणि संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. माणसं बदलली होती, नियम मात्र तेच होते.

मानाच्या क्रमाचं खोटं तर दोन ओळींत संपतं. राष्ट्रपतींच्या अग्रताक्रमात तिन्ही प्रमुख १२ व्या स्थानावर आहेत आणि भारत सरकारचे सचिव २३ व्या. सीडीएसचंही तसंच. १ जानेवारी २०२० पासून सैन्य व्यवहार हा वेगळा विभाग आहे आणि त्याचे सचिव स्वतः सीडीएस आहेत. तिन्ही दलं, त्यांची मुख्यालयं, प्रादेशिक सेना सगळं तिकडे गेलं. संरक्षण सचिवाकडे उरलं ते संरक्षण धोरण, भांडवली खरेदी, बजेट, संसद, तटरक्षक दल, सीमा रस्ते, एनसीसी आणि मंत्रालयाच्या पाच विभागांमधला समन्वय. परदेशांशी धोरणाची बोलणी करायलाही तोच बसतो. अमेरिकेसोबतच्या डिफेन्स पॉलिसी ग्रुपमध्ये आपल्या बाजूचा प्रमुख तोच.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तेही उरकू. पेंटागॉनचा प्रमुख मुलकीच असावा लागतो, हा तिथला कायदा आहे, १९४७ पासून. गणवेश उतरवून ठरावीक वर्षं झाल्याशिवाय माजी सैनिकालाही ते पद मिळत नाही. जॉर्ज मार्शल, मॅटिस आणि ऑस्टिन या तिघांसाठी तिथल्या संसदेला खास सूट द्यावी लागली. आणि तिथल्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या अध्यक्षाला १९८६ च्या कायद्यानुसार कुठल्याही तुकडीला हुकूम द्यायचा अधिकारच नाही. हुकूम राष्ट्राध्यक्षाकडून संरक्षणमंत्र्यामार्फत थेट रणक्षेत्राच्या कमांडरकडे जातो. उदाहरण द्यायचं तर निदान आपल्या बाजूचं तरी द्यावं.

बाबूंची वकिली करायला मी बसलेलो नाही. काल उद्योग किंवा शेती खात्यात असलेला अधिकारी आज संरक्षणात येतो, विषय समजेपर्यंत त्याची निवृत्ती जवळ येते. खरेदीच्या फायली वर्षानुवर्षं फिरतात. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीने तर स्पष्टच म्हटलं होतं की मोठ्या लोकशाही देशांत बहुधा भारतातच सैन्याची मुख्यालयं सरकारच्या वरच्या रचनेबाहेर आहेत. २००१ मध्ये मंत्रिगटाने सीडीएसची शिफारस केली, आणि पद यायला २०१९ चा डिसेंबर उजाडला. यात मुलकी खात्याचा हात नव्हता असं कुणी म्हणू नये. मात्र विलंबाचं सगळं खापर एका खुर्चीवर फोडता येत नाही. मोठी खरेदी संरक्षण खरेदी परिषदेत ठरते. तिचे अध्यक्ष संरक्षणमंत्री, आणि सीडीएस व तिन्ही प्रमुख तिथे सदस्य म्हणून बसतात. गरजांचे निकष सैन्यच लिहितं आणि मधेच बदलतंही.

उरली शेवटची मागणी: मंत्रालय जनरलच्या हाती द्या. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटींचं होतं. असा पैसा कुठे गेला याचं उत्तर संसदेच्या लोकलेखा समितीपुढे सचिव देतो, कारण वित्तीय नियमांनुसार आपापल्या विभागाचा मुख्य लेखा प्राधिकारी तोच. उद्या तिथे एखादा जनरल उभा करा, खासदार त्याची उलटतपासणी घेणार, पक्ष बाजू घेणार, आणि सैन्याचा गणवेश रोजच्या राजकारणात ओढला जाणार.

आणि ही कल्पना कुठे राबवली जाते तेही मामांनी एकदा बघावं. पाकिस्तानात संरक्षण सचिवाच्या खुर्चीवर बहुतेक वेळा निवृत्त लेफ्टनंट जनरल बसतो. २०११ च्या शेवटी तिथलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा अशाच एका निवृत्त जनरल सचिवाने लिहून दिलं की लष्कर आणि आयएसआयच्या कारवायांवर मंत्रालयाचं नियंत्रण नाही. पुढच्या जानेवारीत पंतप्रधान गिलानींनी त्याला काढून टाकलं. त्याने लिहिलेलं मात्र खोटं आहे असं तिथे फारसं कुणी म्हटलं नाही.