वेल्सचा मुक्काम वाया जात नाही

नमस्कार. इंग्लंडमधल्या वेल्स या छोट्या गावावरच्या (वेल्स देशावरच्या नव्हे) लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की हे गाव दोन तासांत पाहून होतं, संध्याकाळ झाली की सगळं सामसूम, रेल्वेसुद्धा जात नाही. अशा ठिकाणी मुक्काम करायला सांगणं म्हणजे लोकांच्या पौंडांचा चुराडा. मुद्दे नीट मांडलेत, म्हणून उत्तरही नीट देतो.

रेल्वेचं खरं आहे. 1963मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. बाथ किंवा ब्रिस्टलहून बसनेच जावं लागतं. शांततेबद्दलही वाद नाही, वस्तीच अकरा-बारा हजारांची आहे. पण दोन तासांचा हिशेब मला मान्य नाही. तो नुसत्या इमारतींचा हिशेब झाला.

तिथल्या कॅथीड्रलमधल्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमधल्या, कात्री-कमानींबद्दल तुम्ही ‘फोटोपुरत्या बऱ्या’ म्हणता. 1313मध्ये मधला मनोरा उंच करायला घेतला, ते वजन पायाला पेललं नाही, मनोरा खचू लागला. मग 1338 ते 1348 या काळात विल्यम जॉय या स्थपतीने एकीवर एक उलटी कमान रचून तो सावरला. सौंदर्य तिथे दुरुस्तीतून आलंय, आणि ती दुरुस्ती आजही भार वाहते आहे.

चॅप्टर हाउसकडे, म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंच्या सभागृहाकडे, जाणारा दगडी जिना पाहिलात का? पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. अर्धा जिना उजवीकडे त्या अष्टकोनी सभागृहात वळतो, उरलेला सरळ वर चढतो. तो सरळ भाग पंधराव्या शतकातल्या पुलावरून, खालचा रस्ता ओलांडून, गायकांच्या भोजनगृहापर्यंत जातो. त्याच्या पलीकडे व्हिकर्स क्लोज. कॅथीड्रलमध्ये गाणाऱ्यांनी गावातल्या मोहांपासून लांब, एकत्र राहावं म्हणून बिशप राल्फ यांनी 1348मध्ये ही गल्ली वसवायला घेतली. दोन्ही बाजूंना दगडी घरं, उंच धुराडी. वरच्या टोकाला गल्ली सुमारे तीन मीटरने अरुंद होते, त्यामुळे खालून आहे त्याहून लांब दिसते.

आणि गायक आजही तिथे राहतात! माझ्या आग्रहाचं कारण हेच. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ते कॅथीड्रलच्या शाळेतल्या मुलामुलींबरोबर इव्हनसाँग, म्हणजे सायंप्रार्थना, गातात. त्याला तिकीट नाही, कोणीही जाऊन बसावं. देवळातल्या सांजारतीसारखं ते रोजचं आहे, पाहुण्यांसाठी ठेवलेला कार्यक्रम नव्हे. भरदुपारी बस पकडणाऱ्याला नेमकं हेच मिळत नाही. दर पाव तासाला कॅथीड्रलच्या घड्याळावरचे घोडेस्वार झुंजतात, तेवढं पाहून तो निघतो. (त्या घड्याळाची चौदाव्या शतकातली मूळ यंत्रणा लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, ती मात्र जरूर बघा.)

पहिलीच सहल असेल, हातात आठवडाच असेल, तर बाथ आणि सॅलिसबरी करा, वेल्स सोडा. यात मी तुमच्याच बाजूचा आहे. जाणार असाल तर शाळेचं सत्र चालू असताना जा, सुट्टीत मुलांचं गायन बहुधा नसतं. बुधवार किंवा शनिवार धरला तर चौकातला आठवडी बाजारही मिळेल. आणि हाय स्ट्रीटवर रस्त्याकडेच्या पन्हळीतून पाणी वाहताना दिसलं तर गळती समजू नका. बिशप बेकिंग्टन यांनी 1451मध्ये आपल्या आवारातल्या झऱ्याचं पाणी गावाला दिलं, ते अजून वाहतंय.