गाठ काढण्याआधी तिचा तुकडा तपासला जावा
दुर्मीळ कर्करोगांचे निदान लांबते, कारण रुग्णच उशिरा येतात, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. तासगावच्या माझ्या मामांनी मांडीतली गाठ महिनाभरातच दाखवली होती. ती चरबीची समजून एमआरआय न करता काढली गेली आणि काढलेला भाग तपासणीला पाठवलाही गेला नाही. वर्षभरात ती पुन्हा वाढली, तेव्हा तो सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींत किंवा हाडांत होणारा कर्करोग निघाला. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत मऊ ऊतींच्या सार्कोमाचे प्रमाण जेमतेम १ टक्का असल्याने सर्वसाधारण शल्यविशारदाला तो क्वचितच दिसतो, हे मान्य. परंतु ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी, खोलवरची किंवा वाढत जाणारी गाठ असेल, तर आधी एमआरआय आणि मग जाड सुईने तुकडा घेऊन तपासणी, हा क्रम काही नवा नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून परळच्या टाटा रुग्णालयात गेलो, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेचा पॅराफिन ब्लॉक (तपासणीसाठी मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) मागितला गेला. तो आमच्याकडे कुठून असणार? सांगली-मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही (मिरज तर त्यासाठीच ओळखले जाते), पण सार्कोमाचे अनेक उपप्रकार सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखे दिसतात, आणि उपचार मात्र उपप्रकारानुसार बदलतात. म्हणून नुसत्या अहवालावर समाधान न मानता ब्लॉक आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यातून केलेल्या काचपट्ट्याही नातेवाइकांनी मागून घ्याव्यात. दुसऱ्या तज्ज्ञाला त्यांवरूनच फेरतपासणी करता येते.