भोगवटादार

लांबच्या प्रवासाहून परतलेल्या माणसाला घर लगेच आत घेत नाही, असा माझा ताजा अनुभव आहे. आमच्या बाबतीत तर त्याने गाडीलाही घेतले नाही. दिवाळी आटोपल्यावर विजापूर, बदामी आणि हंपी पाहून, हुबळी-कोल्हापूरमार्गे परतताना नवले पुलाजवळच्या कोंडीत उरलासुरला उत्साह सांडून आम्ही सोसायटीत शिरलो, तेव्हा आमच्या नावाची पाटी असलेल्या पार्किंगच्या जागेत एक स्कूटर आडवी उभी होती. तिच्यावर ताडपत्री होती आणि ताडपत्री उडू नये म्हणून वर वीट ठेवलेली होती. तात्पुरत्या उभ्या केलेल्या वाहनावर कोणी वीट ठेवत नाही.

स्कूटर चौथ्या मजल्यावरच्या काकांची निघाली. निरोप मिळताच काका खाली आले. चावी मात्र आणली नव्हती.

"गाडी नव्हती ना तुमची, म्हणून लावली," ते म्हणाले. "जागा रिकामी राहिली की कचरा साठतो."

"आता गाडी आली आहे, काका."

"ते दिसतंच आहे. पण आलात कुठल्या रस्त्याने?"

मी रस्ता सांगितला. काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच दुःख उमटले. विजापूरमार्गे गेलेल्या माणसाने सोलापूरवरूनच परतायचे असते, असे त्यांचे मत होते. त्यांनी कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे टोलनाके एका हाताच्या बोटांवर मोजले आणि बोटे संपल्यावर तो हात माझ्यासमोर तसाच धरून ठेवला, जणू ते पैसे त्यांच्याच खात्यातून गेले होते. मागे पत्नी मांडीवर झोपलेल्या धाकट्याला सावरत बसली होती आणि थोरल्याला तातडीने वर जायचे होते. काकांनी गाडीचे ॲव्हरेज विचारले.

"आणि हंपीत पाहिलंत काय?"

विठ्ठल मंदिरातला दगडी रथ पाहिला, असे मी म्हणालो. काकांनी सावकाश पाकीट काढले, त्यातून पन्नासची नोट निवडली आणि तिची मागची बाजू मोबाइलच्या उजेडात माझ्यासमोर धरली. "हाच ना?"

रथ तोच होता.

"मग एवढं हजारावर किलोमीटर पेट्रोल कशाला जाळलंत?" असे म्हणून त्यांनी नोट पाकिटात परत ठेवली. स्कूटरचे हँडल लॉक असून चावी कोथरूडच्या भाच्याकडे आहे, ही माहिती त्यांनी त्यानंतर दिली. भाचा रविवारी येणार होता.

गाडी बाहेरच्या गल्लीत लावावी लागली. आमच्या गल्लीत विषम तारखेला एका बाजूला आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूला वाहने लावायची असतात, आणि भटकून आलेल्या माणसाला तारीख सोडाच, वारही आठवत नाही. रखवालदाराने ३१ तारीख असल्याचे सांगितले. त्यापुढची १ तारीखही विषमच येत असल्याने गाडी एका जागी सलग दोन दिवस उभी राहू शकली. संपूर्ण परतीत कोणी दाखवलेली सवलत म्हणायची तर ती एवढीच, आणि तीही पंचांगाने दाखवलेली. त्यानंतर मात्र रोज सकाळी उठून गाडी पलीकडे नेणे हा आमच्या दिनक्रमाचा भाग झाला. बाकीचा दिनक्रम जुळायला तयार नव्हता. बंद ठेवलेले दूध पुन्हा सुरू करण्यासाठी दोनदा विनंती करावी लागली, कपडे यंत्रातून निघून दोरीवर आणि दोरीवरून खुर्चीवर साठत गेले, आणि कामाच्या मावशी आम्ही आलो त्याच दिवशी गावाला गेल्या. मावशींना मी काही बोलणार नाही. त्यांनी निदान जाण्यापूर्वी सांगितले होते.

कमिटीकडे गेलो, तर "आपसात मिटवा" असे उत्तर मिळाले. हेच उत्तर द्यायचे असेल तर दर पाच वर्षांनी निवडणूक घेऊन कमिटी नेमतात तरी कशासाठी, हे मला समजलेले नाही. त्या महिन्याच्या देखभाल बिलात पार्किंगचे शुल्क पूर्ण लावलेले होते.

रविवारी भाचा आला, चावीही आली. स्कूटर सुरू होत नसल्याने ती ढकलावी लागली, आणि काकांच्या कमरेचा विचार करता ती ढकलण्याचे काम माझ्याकडे आले. काका वीट घेऊन मागून चालत होते.

"नाताळात जाताय का कुठे?" त्यांनी विचारले. "तारखा आधी सांगून ठेवा."